मदत हवी आहे: एस.ई.५ए प्रतिकृती विमानाचा गुरुत्वमध्य मर्यादेच्या मागे जातो आहे

मंडळी, नमस्कार.

गेली सहा वर्षे मी अमेरिकेतील ओहायो राज्यात, आधी घराच्या गॅरेजमध्ये आणि अलीकडे गावाबाहेरच्या गवती धावपट्टीवर भाड्याने घेतलेल्या हँगरमध्ये, पहिल्या महायुद्धातील एस.ई.५ए या ब्रिटिश लढाऊ विमानाची ८५ टक्के आकाराची, उडू शकेल अशी लाकडी प्रतिकृती बांधतो आहे. पंख जोडून झाले आहेत, कापड ताणून त्यावर खाकी रंगही चढला आहे, इंजिन सुरू होते. मात्र गेल्या शनिवारी विमानाचे पहिल्यांदा वजन केले, तेव्हा त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे विमानाचे सगळे वजन ज्यावर तोलले जाते तो बिंदू, मर्यादेच्या मागे पडतो आणि या अवस्थेत ते उडवता येणार नाही हे स्पष्ट झाले. इंग्रजीतून विचारले असता बहुतेकांनी "नाकात शिसे भरा" एवढेच सांगितले. नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात किंवा हवाई दलात विमानांच्या वजन-संतुलनाचे काम हाताने केलेले काही जण येथे लिहितात, हे जुन्या धाग्यांवरून ठाऊक असल्याने मराठीत विचारतो आहे.

हेच विमान का, असे कोणी विचारील म्हणून थोडक्यात सांगतो. मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर २३ व्या स्क्वाड्रनमधून सॉपविथ डॉल्फिन उडवताना गेले. मला खरे तर त्यांचे विमान बांधायचे होते, पण घरी बांधता येईल असे डॉल्फिनचे नकाशे मला मिळाले नाहीत. एस.ई.५ए चे मिळाले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ४० व्या स्क्वाड्रनमधील इंद्रलाल रॉय यांनी याच प्रकारच्या विमानातून दोन आठवड्यांच्या आत दहा विजय नोंदवले होते, हे कारण मला पुरेसे वाटले.

आता मूळ अडचण. अस्सल एस.ई.५ए च्या नाकात पाण्याने थंड होणारे आठ सिलिंडरांचे हिस्पानो-सुइझा किंवा वुल्सली व्हायपर इंजिन असे, ज्याचे वजन दोनशे किलोंच्या वर जाई, आणि त्याच्या जोरावर एवढे आखूड नाकही मागच्या लांब सांगाड्याला तोलून धरी. प्रतिकृतीचे नकाशे कॅनडात तयार झाले ते कॉन्टिनेंटलचे ८५ अश्वशक्तीचे इंजिन गृहीत धरून. मी येथे शहाणपणा केला आणि ८० अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१२ बसवले, कारण ते नवे मिळत होते, मोटारीच्या पेट्रोलवर चालते आणि हलके आहे. हलके आहे हाच गुण नडला. पंखा, रेडिएटर आणि एक्झॉस्ट धरून माझे सगळे ७५ किलोंत बसते. कॉन्टिनेंटलची तीच जुळणी वीस-बावीस किलोंनी जड झाली असती. शिवाय इंजिन आणि पंख्याची ही जोडी प्रमाणित नसल्यामुळे सुरुवातीच्या सक्तीच्या चाचणी उड्डाणांचे २५ तासही ४० झाले, पण ती तक्रार वेगळी.

वजन करताना हँगरची दारे बंद ठेवली होती, शेपूट स्टुलावर उचलून सांगाड्याची वरची पट्टी पाणसळीने समतल केली होती, आणि तीन इलेक्ट्रॉनिक काटे वापरले होते. इंधन नसताना एकूण वजन ३८४ किलो भरले, त्यापैकी शेपटीवर ४० किलो. शेपटीचे चाक पुढच्या चाकांच्या आसापासून ४ मीटर मागे आहे. म्हणजे रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य आसाच्या मागे ४१.७ सेंटिमीटरवर येतो. माझे वजन ८२ किलो आणि आसन आसाच्या मागे १.१ मीटरवर. मी बसल्यावर, टाकी जवळजवळ रिकामी असताना, गुरुत्वमध्य ५३.७ सेंटिमीटरवर जातो. नकाशातील मागची मर्यादा ४९ आहे.

टाकी भरलेली असताना हाच आकडा ५२.६ येतो, कारण टाकी वैमानिकाच्या पुढे आहे. म्हणजे इंधन जळेल तसा गुरुत्वमध्य आणखी मागे सरकतो आणि विमान सर्वांत वाईट अवस्थेत असते ते नेमके उतरताना, वेग कमी आणि जमीन जवळ असताना. गुरुत्वमध्य मागे गेलेल्या विमानाची दांडी हाताला हलकी लागते, नाक आपोआप वर जाऊ पाहते, आणि एकदा ते गिरकीत सापडले तर नाक खाली आणण्याइतका जोर एलिव्हेटरमध्ये (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या आडव्या पाळीत) उरेलच याची खात्री नसते. पावणेपाच सेंटिमीटर ऐकायला थोडे वाटतात. पण पंखाची रुंदीच सव्वा मीटर आहे.

त्यात आणखी एक गुंता आहे. शेपटीला चाक असलेली विमाने मी फारशी उडवलेली नाहीत, त्यामुळे पहिले उड्डाण माझ्या एका अनुभवी मित्राने करावे असे ठरले होते. त्याचे वजन ९५ किलो आहे. तो बसला की आकडा ५५.२ होतो. विमान एक आसनी असल्याने पुढे कोणाला बसवून तोल साधण्याचीही सोय नाही.

मी विचारात घेतलेले उपाय असे आहेत. नाकाच्या टोकाशी, आसाच्या पुढे ८० सेंटिमीटरवर, शिसे बसवायचे तर माझ्यासाठी १७ किलो आणि मित्रासाठी २३ किलो लागेल. ८० अश्वशक्तीच्या विमानाने एवढे मढे रोज वाहून न्यावे हे मला पटत नाही. दुसरा उपाय म्हणजे नवा माउंट (इंजिन धरणारा नळ्यांचा सांगाडा) करून इंजिन १५ सेंटिमीटर पुढे नेणे आणि आसनामागची ७ किलोंची बॅटरी फायरवॉलवर, म्हणजे इंजिनामागच्या आगरोधक भिंतीवर, आणणे. या दोन्हींनी मी एकटा कसाबसा मर्यादेत येतो, ४८.७ वर, पण मित्र बाहेरच राहतो. कॉन्टिनेंटल शोधून पुन्हा सगळे बदलणे हा तिसरा मार्ग. त्यात निदान एक वर्ष आणि बरेच पैसे जातील.

मला दोन गोष्टींची मदत हवी आहे. शिसे न भरता आणखी कोठून वजनाचा घूर्ण (वजन गुणिले आसापासूनचे अंतर) कमी करता येईल का? आणि इंजिन पुढे नेल्यास विमानाच्या वागणुकीत काय बदलेल?

प्रतिसाद

नमस्कार. मी निवृत्त आहे. जेट विमानांचे वजन-काटे बरीच वर्षे केले, लाकडी विमानाचे कधी नाही, तरी तरफेचा नियम दोघांना सारखाच लागू आहे.

प्रथम एक शंका. ज्या स्टुलावर शेपूट ठेवली होती, त्याचे वजन मागच्या काट्याच्या आकड्यातून वजा केले होते का? अशी चूक मी चांगल्या जाणत्या लोकांकडून झालेली पाहिली आहे. शेपटीकडचा एक किलो आपल्या हिशेबात घूर्णाचे चार किलो-मीटर होतो, त्यामुळे तीन किलोंचे स्टूल राहून गेले तर सगळे गणित फसते.

ते बरोबर असेल, तर आपण पुढे काय वाढवावे हा विचार करता आहात. मी आधी मागे काय कमी होईल ते पाहीन. शेपटीचे चाक, ते धरणारा फोर्क आणि पोलादी पट्टी यांचे वजन किती आहे? घरी बांधलेल्या विमानांवर ही जुळणी अनेकदा गरजेपेक्षा जड असते. तेथून अडीच किलो निघाले तर १० किलो-मीटर वाचतात, आणि आपले इंजिन १५ सेंटिमीटर पुढे नेऊन मिळतात ११.२५. बॅटरीचे मिळतात ११.९. तिन्ही केल्यास माझ्या हिशेबाने आपण ४६.८ वर याल आणि आपले मित्र ४८.६ वर, म्हणजे दोघेही मर्यादेत, आणि विमान अडीच किलोंनी हलके.

बॅटरी फायरवॉलवर आणताना तिच्यात आणि एक्झॉस्टमध्ये पत्र्याची आड द्या. स्टार्टरपर्यंतची जाड तार आखूड होईल तोही फायदाच. ती तार आपण हिशेबात धरलेली दिसत नाही. जड पंखा लावण्याचा मोह मात्र टाळा. रोटॅक्सला गिअरबॉक्स आहे आणि त्याला पंख्याच्या जडत्वाची मर्यादा दिलेली असते. ती ओलांडून तोल साधणे म्हणजे एक दुखणे देऊन दुसरे घेणे.

नवा माउंट नुसता जुन्याच नळ्या लांबवून करू नका. इंजिन पुढे गेले की फायरवॉलच्या चार बोल्टांवरचा ताण वाढतो, आणि त्यामागचा लाकडी सांगाडा कॉन्टिनेंटलच्या वजनासाठी केलेला असला, तरी हा भार वेगळ्या अंतरावरून येणार आहे. तो हिशेब कागदावर करून तुमच्या येथील तपासनिसाला दाखवा.

दुसरा प्रतिसाद

वागणुकीबद्दल एक मुद्दा. नाक लांबले की गुरुत्वमध्याच्या पुढे जास्त बाजू उघडी पडते आणि विमानाची सरळ राहण्याची ओढ कमी होते. मागे उभे पृष्ठ तेवढेच राहते. १५ सेंटिमीटरने फार मोठा फरक पडू नये, पण पहिल्या काही उड्डाणांत दिशा सांभाळणाऱ्या पायांवर लक्ष ठेवावे आणि हळू वेगात तिरके जाणे पुष्कळ उंचीवर तपासावे. एस.ई.५ए चे चौकोनी नाक हीच त्याची ओळख असल्याने दिसायला ते थोडे सुसरीसारखे होईल, याची तयारी ठेवा.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार.

स्टुलाचे वजन वजा केले होते. वहीत तशी नोंद आहे, तरी आपण विचारल्यावर काल पुन्हा तोलून पाहिले. शेपटीच्या चाकाबद्दल मात्र आपला अंदाज अचूक निघाला. जुळणी काढून काट्यावर ठेवली तर ४.६ किलो भरली, आणि ती मी एका जड विमानाच्या भंगारातून स्वस्तात मिळाली म्हणून घेतली होती. दोन किलोंच्या आतबाहेरची जुळणी मागवली आहे. शेपटीकडे हात गेलाच आहे तर दिशा वळवणाऱ्या उभ्या पाळीवरचे रंगाचे थरही पाहीन, कारण तेथे पांढरा, निळा, लाल असे एकावर एक चढले आहेत.

सुसरीचे नाक मान्य आहे. मूळ विमानाच्या दुसऱ्या नमुन्याचा पंख जानेवारी १९१७ मध्ये हवेत मोडून मेजर फ्रँक गुडन गेले, आणि त्यानंतर पंखाची रचना बळकट करण्यात आली. मी केवळ देखणेपणासाठी आकड्यांशी तडजोड करणार नाही.

माउंटचा हिशेब सुरू केला आहे. त्यात एके ठिकाणी अडलो आहे: उतरताना बसणाऱ्या धक्क्यासाठी इंजिनाच्या वजनाची किती पट धरावी, आणि ती खालच्या दोन बोल्टांवर पूर्ण धरावी की चारींवर वाटावी? जाणकारांनी सांगितल्यास नळ्यांची जाडी ठरवून पोलाद मागवता येईल.