मदत हवी आहे : वार्षिक सभेतील विषयांतर कसे आवरावे?

सप्रेम नमस्कार. मी आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची सचिव असून, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची तयारी सध्या करीत आहे. १४ पूर्ण दिवस आधी विषयपत्रिकेसह सूचना देऊनही, गेल्या वर्षी लेखापरीक्षण अहवालावर चर्चा सुरू होताच पार्किंग, गळती आणि पाण्याच्या वेळा यांवरच दीड तास गेला. आमच्या ३१ वर्षे जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट हा मला सर्वांत निकडीचा वाटणारा विषय निम्मे सभासद निघून गेल्यावर घाईने मंजूर झाला.

या तक्रारी खोट्या नाहीत. शेजारच्या काकूंनी वर्षभर गळती सोसली आहे, त्यामुळे त्यांना मध्येच थांबवणे मला अन्यायाचे वाटते. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ पत्रिकेत शेवटी असतात, पण तोवर थांबण्याची कोणाची तयारी नसते.

तक्रारींसाठी आठवडाभर आधी स्वतंत्र बैठक घेणे, किंवा प्रत्येक वक्त्याला तीन मिनिटांची मर्यादा घालणे, यांपैकी आपल्या संस्थेत प्रत्यक्षात काय उपयोगी पडले? अध्यक्षांनी ज्येष्ठ सभासदांना न दुखावता मूळ विषयाकडे कोणत्या शब्दांत वळवावे, हेही कृपया सांगावे.