लेझीम पथकाच्या पोशाखांवरील दिवे: पांढरा रंग लावताच बोर्ड रीसेट होतो

इंदिरानगरकर
नमस्कार. नाशिकमधील आमच्या सोसायटीतील आठ मुलांचे लेझीम पथक भाऊबीजेच्या संध्याकाळी अंधारात खेळणार असून त्यांच्या जॅकेटांवर मी डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येणाऱ्या) एलईडी पट्ट्या बसवल्या आहेत. प्रत्येक जॅकेटावर ६० दिवे, दिवे चालवणारा ईएसपी८२६६ हा छोटा वाय-फाय बोर्ड आणि कमरेच्या पाऊचमध्ये ५ व्होल्ट, २.१ अँपिअरची पॉवर बँक आहे; सगळे बोर्ड माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडलेले आहेत. लाल किंवा निळा रंग व्यवस्थित चालतो, मात्र सगळे दिवे पांढरे केले की पट्टीचे शेवटचे टोक पिवळट पडते आणि बोर्ड रीसेट होतो. पहिला दिवा तर अधूनमधून विनाकारण लुकलुकतो. शिवाय गच्चीवरच्या तालमीत दोन मुलांचे बोर्ड हॉटस्पॉटवरून सुटले, ते खेळ संपेपर्यंत परत जोडलेच गेले नाहीत. दोष कोडमध्ये शोधावा की वायरिंगमध्ये?

सोल्डरप्रेमी
कोडला हात लावण्याआधी हिशेब करावा. पूर्ण पांढऱ्या रंगात एक दिवा साधारण ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे ६० दिव्यांना ३.६ अँपिअर लागतात; तुमची पॉवर बँक मात्र २.१ अँपिअरच देते. नुसत्या लाल रंगाला त्याचा तिसरा हिस्सा, १.२ अँपिअर, पुरतात आणि म्हणूनच लाल रंग आपल्याला फसवतो. फास्टएलईडी या दिवे चालवणाऱ्या तयार कोडच्या लायब्ररीत विजेची कमाल मर्यादा घालण्याची सोय आहे, ती १५०० मिलिअँपिअरवर ठेवा. अंधारात एवढा उजेड डोळ्यांना भरपूर होतो. पट्टीचा वीजपुरवठा बोर्डामधून न नेता पॉवर बँकेपासून थेट द्या, तो दोन्ही टोकांना जोडा आणि सुरुवातीला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

पहिल्या दिव्याचे दुखणे निराळे आहे. बोर्डाचा डेटा-संकेत ३.३ व्होल्टचा असतो आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या या दिव्याला निदान ३.५ व्होल्ट हवे असतात. मध्ये ७४एएचसीटी१२५ ही संकेत ५ व्होल्टपर्यंत चढवणारी आयसी टाकली की प्रश्न मिटतो.

पंचवटीकर
हॉटस्पॉट सोडून द्या. गर्दीत प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल त्याच २.४ गिगाहर्ट्झवर बोलत असतो, आणि एकदा सुटलेला बोर्ड पुन्हा जोडला जाईपर्यंत काही सेकंद सहज जातात. त्याऐवजी ईएसपी-नाऊ, म्हणजे या बोर्डांची एकमेकांशी थेट बोलण्याची पद्धत, वापरावे, कारण त्यात राउटर लागत नाही आणि एक बोर्ड सर्वांना एकदम संदेश पाठवू शकतो. संदेशाची मर्यादा २५० बाइटची आहे, पण आपल्याला तेवढीही लागणार नाही: प्रत्येक दिव्याचा रंग न पाठवता फक्त दृश्याचा क्रमांक आणि सुरू झाल्यापासूनची वेळ पाठवा, नक्षी जॅकेटावरचा बोर्ड स्वतः काढेल. अशा सामूहिक संदेशाची पोच मिळत नाही, म्हणून तोच संदेश दर १०० मिलिसेकंदांनी पाठवत राहा. एखादा हरवला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. सर्व बोर्ड एकाच वाय-फाय चॅनेलवर असल्याची खात्री मात्र करा.

सुईदोरा
माझा अनुभव गरब्याच्या घागऱ्यांचा आहे, पण तो इथेही लागू पडेल. वायर नेहमी सोल्डरच्या डागाला लागूनच तुटते, कारण तिथे ती कडक होते आणि वाकण्याचा सगळा ताण त्याच जागी येतो. लेझमीत कोपर अखंड हलते, म्हणून कोपरावर पट्टी आणूच नका. तिथे सिलिकॉन आवरणाची मऊ वायर थोडी ढिली सोडून डागाच्या दोन्ही बाजूंना अस्तरावर टाके घाला. पट्टी सुती अस्तरावर शिवून ते अस्तर वेल्क्रोने जॅकेटाला लावले, तर जॅकेट धुताही येते.

इंदिरानगरकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मर्यादा घातल्यावर पांढरा रंग टोकापर्यंत पांढराच राहिला आणि एकही बोर्ड रीसेट झाला नाही. ईएसपी-नाऊवर आठही जॅकेटे गच्चीभर एकत्र चालली. एकच जॅकेट मधूनच मागे पडत होते, तेव्हा पाहिले तर त्याचा बोर्ड मुलाच्या पाठीला चिकटून होता आणि मी समोर उभा होतो. शरीरातील पाणी हे तरंग शोषते, हे वाचून माहीत होते. बोर्ड खांद्यावर सरकवताच तेही जुळले. आयसी उद्या एमजी रोडवर शोधतो. कोपराचे टाके आमच्या सौभाग्यवती घालत आहेत आणि सोल्डरिंगच्या माझ्या कौशल्यावरील त्यांची टिप्पणी इथे लिहिण्याजोगी नाही.