गटार काढणाऱ्यांना लेप्टो होतो का? गोळी आणून द्यावी का?

कृष्णाकाठ
मंडळी, जरा मदत पाहिजे. माझा धाकटा भाऊ सांगलीत ठेकेदाराकडं गटारं काढायला जातो. त्याच्याबरोबरच्या एकाला ताप आला, चार दिवस अंगावर काढला, मग डोळे पिवळे पडले, लघवी कमी झाली, आता मिरजेत ॲडमिट आहे, लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस सांगितलंय. भावाच्या टाचांना एवढ्या भेगा आहेत की नख आत जातं आणि तसाच स्लीपर घालून गुडघाभर पाण्यात उतरतोय. गमबूट मागितले की ठेकेदार नुसतं 'येतील येतील' म्हणतो. भाऊ म्हणतो उंदीर चावल्याशिवाय होत नाही. खरंय का? आणि आठवड्याला एक गोळी असते म्हणे, मेडिकलमधनं आणून देऊ का?

वॉर्डातली ताई
दादा, चावायची गरजच नाही. उंदीर-घुशीच्या मुतातनं जंतू पाण्यात येतात, गुरं, डुकरं, कुत्र्यांच्या पण, आणि ओल्या चिखलात कितीतरी दिवस जिवंत राहतात. भेग, खरचटलेलं, डोळे, नाक, तोंड, तिथनं आत शिरतात. २००५ ला मुंबईत २६ जुलैच्या पुरानंतर लेप्टोची मोठी साथ आली ती अशीच, लोक तुंबलेल्या पाण्यातनं चालले होते.
गोळी म्हणजे डॉक्सिसायक्लिन, काम चालू असेपर्यंत आठवड्यातनं एकदा २०० मिलिग्रॅम देतात, पण डॉक्टरला विचारूनच घ्या. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालच्या पोराला ही चालत नाही. जेवून, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. गोळी घेतली म्हणून बूट नकोत असं मात्र करू नका, ती शंभर टक्के वाचवत नाही.

शिराळ्याचा भातवाला
मी यातनं गेलोय म्हणून लिहितो. भातलावणी झाल्यावर दहा-बारा दिवसांनी एकदम थंडी वाजून ताप, डोकं फुटतंय का काय असं, डोळे लालभडक पण चिपडं नाही आणि पोटऱ्या अशा दुखायला लागल्या की बायकोनं नुसता हात लावला तरी ओरडायचो. गावातल्या डॉक्टरनं व्हायरल म्हणून दुखण्याचं इंजेक्शन दिलं. प्लेटलेट कमी आल्यावर डेंग्यू वाटला, तो निगेटिव्ह. लेप्टोची रक्ततपासणी पण पहिल्यांदा निगेटिव्ह, आठवड्यानं परत केली तेव्हा पॉझिटिव्ह आली. मी चिखलात राबतो हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, तीच चूक. दुसऱ्या डॉक्टरनी ऐकल्या ऐकल्या रिपोर्टची वाट न बघता ॲन्टिबायोटिक चालू केलं. तुमच्या भावाला ताप आला तर दवाखान्यात पहिलं वाक्य 'मी गटारात काम करतो' हेच पाहिजे. आणि दुखण्याच्या गोळ्या मनानं घेऊ देऊ नका, किडनीवर येतं, तापाला पॅरासिटामॉल बास.

वॉर्डातली ताई
हे अगदी बरोबर बोललात. लघवी कमी, डोळे पिवळे, धाप, खोकल्यातनं रक्त यातलं काहीही दिसलं तर थेट मोठा दवाखाना, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

मुकादम
आमच्या टोळीत मी काय करतो ते सांगतो. बूट नुसते गुडघ्यापर्यंत असले आणि पाणी वरनं आत आलं तर दिवसभर पाय त्याच घाणीत भिजतो, तेव्हा खोल जागी मांडीपर्यंतचेच. कोपरापर्यंतचे रबरी मोजे. भेगांवर पाणी आत न जाणारी पट्टी. गाडीत चांगल्या पाण्याचा कॅन आणि साबण कायम. सगळ्यात वाईट म्हणजे तंबाखू, त्याच हातानं मळायची आणि त्याच हातानं ओठात, किती वेळा ओरडलोय. आता हात धुतल्याशिवाय पुडी कुणाला देत नाही. आणि भाऊ एकट्यानं मागून काय उपयोग नाही, सगळ्यांनी मिळून लेखी द्या, बूट आल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. त्याला घेऊन डॉक्टरकडं जाऊन आलो, टाचा दाखवल्या, गोळी त्यांनीच लिहून दिली. ते म्हणाले लक्षणं बहुतेक ५ ते १४ दिवसांत येतात पण महिन्यापर्यंत पण येऊ शकतात. दोघं एकत्र ज्या गटारात उतरले होते ती तारीख आईनं कॅलेंडरवर गोल करून ठेवलीय, तिथनं ३० दिवस मोजतेय. रोज संध्याकाळी त्याच्या पोटऱ्या दाबून विचारते, दुखतंय का रे.