गौताळ्याला खेटून गाव आहे, होमस्टे-टेंट सुरू करायचेत, पण मेंढरंवाले, तांडा, फॉरेस्ट सगळ्यांचं जुळवायचं कसं?

कन्नडचा_पोरगा

नमस्कार मंडळी. आमचं गाव कन्नड तालुक्यात, अभयारण्याच्या हद्दीला लागूनच. पाऊस पडला की शनिवार-रविवारी संभाजीनगर, चाळीसगाव, मालेगावकडून गाड्यांची रीघ लागते, पितळखोरा, धवलतीर्थ, अंतूर किल्ला करत लोक फिरतात आणि गावात मागं राहतात बाटल्या अन् पत्रावळ्या. म्हणून आम्ही काही पोरांनी ठरवलं की गावातच राहायची-जेवायची सोय करू, गाईड आपलेच, पैसा गावात राहील.

पण बैठक घेतली तर नुसती भांडणं झाली. बाहेरची एक पार्टी गायरानाशेजारची जमीन मागायलीय, रिसॉर्ट काढणार म्हणे, निम्मं गाव म्हणतंय येऊ द्या, पोरांला काम मिळंल. मेंढरंवाले म्हणायलेत आज तंबू लावता उद्या कुंपण घालाल, आम्ही चारायचं कुठं. तांड्यावरच्या बायकांचं म्हणणं, मार्चनंतर आम्हीच टँकरची वाट बघतो, तुमच्या पाहुण्याला आंघोळीला पाणी कुठून आणणार? फॉरेस्टवाले म्हणतात हद्दीच्या आत काहीच करायचं नाही. खरं सांगायचं तर सगळ्यांचंच बरोबर वाटायलंय. कुणी असं काही केलं असेल तर सांगा.

येडशीकर

आमच्याकडं धाराशिव जिल्ह्यात येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य, जेमतेम २२ चौरस किमी. डिसेंबर २०२४ मध्ये पार यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत वाघ आला. टीव्हीवर कौतुक, बाहेरचे लोक फोटोच्या नादात, अन् इकडं ज्याची गाय मारली तो पंचनाम्यासाठी फिरायला. ज्याचं नुकसान व्हतंय त्याच्या हातात पर्यटनाचा रुपया पडत नाही तवर तो तुमच्या जंगलाच्या बाजूनं का म्हणून उभा राहील? आधी त्याच्याशी बोला, तंबूचं नंतर.

नाथसागर_काठावरून

येडशीकरांशी सहमत, आमचा अनुभव पण तोच. जायकवाडीला १९८६ ला पक्षी अभयारण्य झालं (तुमचं गौताळाही त्याच साली), पण त्याच पाण्यावर मासेमारी करणारी घरं, पाणी उतरलं की गाळपेर करणारे शेतकरी, पाणीपुरवठा, सगळेच टेकलेले. हिवाळ्यात रोहित, चक्रवाक बघायला लोक येतात आणि काहीजण चांगल्या फोटोसाठी गाडी थेट गाळपेरीच्या रानात घालतात, हरभरा चिरडतो, पक्षी उठतात ते वेगळंच. म्हणजे शेतकरी अन् पाखरू दोघांचं नुकसान करणारा एकच माणूस, आणि भांडण मात्र लागतं शेतकरी विरुद्ध वनखातं. कोणत्या खाडीत कोणतं पाखरू कधी उतरतं हे भोयाच्या पोराला पाठ असतं, गाईड म्हणून त्याच्याइतका लायक माणूस नाही, पण त्याला विचारतंय कोण.

तुमच्याकडंही बघा, गवत उगवतं पावसाळ्यात आणि गाड्या पण पावसाळ्यातच येतात. मेंढरंवाल्यांचा खरा राग तंबूवर नसून पार्किंगवर असणार, कारण गाड्या गायरानातच लागतात, गवत तुडवलं जातं अन् उरलेलं प्लास्टिक जनावराच्या पोटात जातं. पार्किंग गावाच्या अलीकडं पडीक रानात घ्या, ते रान ज्याचं त्याला भाडं द्या, तिथून पुढं चालत. अर्धं भांडण तिथंच मिटंल.

फर्दापूरची_वाट

अजिंठ्याला हेच केलंय. खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर, टी पॉइंटलाच थांबतात, पुढचे ४ किमी एसटीची बस. लेण्यांजवळचा धूर कमी झाला, चांगलंच झालं. पण पायथ्याचा धंदा हलवताना छोट्या दुकानदाराला किती विचारलं हे त्यांनाच विचारा. आणि तिथंच कोट्यवधी घालून बांधलेलं व्हिजिटर सेंटर वीज-पाण्याच्या थकबाकीपायी काही वर्षांतच बंद पडलं. बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. पक्कं काही बांधू नका.

ग्रामसभेतला_माणूस

कायद्याचं थोडं सांगतो. अभयारण्यांच्या इको सेन्सिटिव्ह झोनच्या (हद्दीबाहेरचा बंधनं असलेला पट्टा) अधिसूचनांत साधारण असं असतं की हद्दीपासून १ किमीत, किंवा झोन त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंत, नवीन कमर्शियल हॉटेल-रिसॉर्टला परवानगी नाही, इकोटुरिझमसाठी छोटी तात्पुरती सोय चालते. त्या पार्टीला हे माहीत आहे का? वनखात्याकडून प्रत काढा, सर्व्हे नंबर तपासा, तोवर कुणी इसार घेऊ नका. दुसरं, २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क आहे, फिरत्या पशुपालकांचाही धरलाय. आदिवासी नसतील तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीची ७५ वर्षं दाखवावी लागतात, पुरावे जमवणं कटकटीचं आहे पण दावा ग्रामसभेतूनच सुरू होतो. मेंढरंवाल्यांचा दावा आधी दाखल करा, मग बघा ते तुमच्याशी कसे बोलतात.

आणि पाणी. तांड्यावरच्या बायकांचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. टंचाईत टँकरचं पाणी माणशी २० लिटर धरतात, नळाच्या पाण्याच्या जलजीवन योजनेचा निकष ५५ लिटर, आणि शॉवर-फ्लशवाला पाहुणा एकटा याच्या कितीतरी पट वापरतो. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. टँकर आणि वणवा जवळपास एकाच वेळी येतात, म्हणून त्या चार महिन्यांत मुक्काम बंद, असं लेखी ठरवा. बाकीच्या दिवसात बादलीभर पाणी, शॉवर नाही. किती पाहुणे घ्यायचे ते विहिरीची पातळी बघून तांड्यावरच्या बायकांनी सांगायचं, स्वयंपाकाचं कामही त्यांच्याच बचत गटाला.

कन्नडचा_पोरगा

पार्किंगचं आमच्या डोक्यातच नव्हतं, आणि १ किमीचं ऐकून तर बरं वाटलं. पण उन्हाळ्यात बंद ठेवायचं म्हटल्यावर पोरं नाराज होणार, लग्नसराई संपली की सुट्ट्यांचं गिऱ्हाईक तेव्हाच असतं ना.

ग्रामसभेतला_माणूस

मे महिन्यात वाळलेल्या जंगलात कोण येतंय राव, येणारा पावसाळ्यातच येणार. पोरांना उन्हाळ्यात जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढलेले पट्टे) काढायच्या, आग विझवायच्या कामावर वनखात्याकडून रोजगार मिळतो का विचारा. अन् पुढची बैठक देवळात घेऊ नका, तांड्यावर घ्या, संध्याकाळी, मेंढरं वाड्यात आल्यावर.