नेक्सॉन की ब्रेझा? नागपूरचे ऊन, दोन लहान मुले आणि आईचे गुडघे

त्रिमूर्तीनगरकर (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमची अकरा वर्षांची हॅचबॅक आता थकली आहे आणि गुढीपाडव्याच्या आत नवी गाडी घ्यावी असे घरात ठरले आहे. बरीच पाहणी केल्यावर यादीत दोनच नावे उरली आहेत: टाटा नेक्सॉन आणि मारुती ब्रेझा. दोन्ही पेट्रोल आणि दोन्ही ऑटोमॅटिक, कारण सौभाग्यवतीही गाडी चालवते आणि वर्धा रोडवरच्या सायंकाळच्या गर्दीत क्लच दाबत बसायची तिची आता मुळीच तयारी नाही.

आमचा वापर असा आहे. मिहानमधील कार्यालयात माझे जाणे-येणे रोज सुमारे २५ किलोमीटर होते. मुलांची शाळा, बाजार आणि नातेवाईक धरून शहरात महिन्याला ७०० किलोमीटर होतात. शिवाय महिन्यातून एकदा यवतमाळला गावी जाऊन येतो, ते सुमारे ३०० किलोमीटर. घरात आम्ही दोघे, सात आणि तीन वर्षांची मुले आणि आई. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली असून तिला फार खाली बसणे किंवा फार वर चढणे दोन्ही जड जाते.

ऑन-रोड १३ लाखांच्या वर जाण्याची इच्छा नाही. एका शोरूममध्ये मी विचारले की दोन्ही गाड्यांची लांबी सारखीच, ३९९५ मिलिमीटर, मग जीएसटी वेगवेगळा कसा, तर तेथील मुलाने मला सनरूफ उघडून दाखवले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. ‘दोन्ही चांगल्या आहेत’ असे उत्तर घरी तिघांनी देऊन झाले आहे.

हिशेबनीस

जीएसटीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर सरळ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर १८ टक्के आणि बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के असे दोन दर झाले. छोट्या गाडीत मोडण्यासाठी दोन अटी एकत्र पाळाव्या लागतात: लांबी चार मीटरच्या आत हवी, आणि इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० सीसीपर्यंत व डिझेलचे असेल तर १५०० सीसीपर्यंत हवे. नेक्सॉनचे टर्बो पेट्रोल इंजिन ११९९ सीसीचे आहे, म्हणून तिला १८ टक्के. ब्रेझाचे इंजिन १४६२ सीसीचे आहे, म्हणून लांबी बसत असूनही तिला ४० टक्के. हा कर शोरूमच्या किमतीत आधीच धरलेला असतो, त्यामुळे तुम्हाला वेगळा भरायचा नाही. परंतु तेवढ्याच पैशांत एका गाडीचे वरचे आणि दुसरीचे मधले व्हेरियंट का येते, याचे कारण पुष्कळसे येथेच आहे.

आरटीओच्या कराकडेही लक्ष असू द्या. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांदरम्यान १२ टक्के कर लागतो, आणि तो टप्प्यापुढच्या रकमेवर नव्हे तर पूर्ण किमतीवर लागतो. ९ लाख ९५ हजारांच्या गाडीला १,०९,४५० रुपये आणि १० लाख ५ हजारांच्या गाडीला १,२०,६०० रुपये, म्हणजे दहा हजारांच्या फरकासाठी करच अकरा हजारांनी वाढतो. शिवाय १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आधीच घेतलेला आयकर) घेतात. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण आधी खिशातून जातोच.

आता इंधन. तुमचे वर्षाचे १२,००० किलोमीटर होतात, त्यांपैकी शहरात ८,४०० आणि हायवेवर ३,६००. समजा, नेक्सॉनच्या टर्बो ऑटोमॅटिकने शहरात १२ आणि बाहेर १७ चे अ‍ॅव्हरेज दिले आणि ब्रेझाच्या साध्या इंजिनाने १४ आणि १९ चे दिले, तर वर्षाला अनुक्रमे ९१२ आणि ७८९ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०५ रुपये धरले तर फरक वर्षाला तेरा हजारांच्या आत, म्हणजे महिन्याला जेमतेम हजार-अकराशे. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमच्या पायावर ते बदलतील. मात्र केवळ अ‍ॅव्हरेजसाठी न आवडणारी गाडी घ्यावी एवढा हा फरक नाही.

डिझेलचा मोह कोणी घातला तर ऐकू नका. ब्रेझात ते नाहीच. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केले. नेक्सॉनमध्ये आहे, परंतु त्यावर आरटीओचा कर पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त आहे, आणि धुराड्यातील काजळीची जाळी जळून साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग हायवेवर पळावी लागते. रोज बारा-तेरा किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीला ते मानवत नाही.

जुना चालक, प्रतापनगर

हिशेबनीसांनी पैशांचे सांगितले, मी उन्हाचे सांगतो. मे २०१३ मध्ये आपल्या गावात ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि ४५ अंशांच्या आसपास तर आपण नेहमीच पाहतो. एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत येथे एसी पूर्ण ताकदीने चालवावा लागतो आणि त्याचा बोजा इंजिनावरच पडतो. नेक्सॉनचे टर्बो इंजिन १७० न्यूटन-मीटर ओढ देते आणि ती साधारण १७५० आरपीएमपासून मिळू लागते. ब्रेझाचे इंजिन १३७ च्या आसपास देते, आणि तेही ४४०० आरपीएमला. कागदावरचा हा आकडा बुटीबोरीच्या पुढे पाच माणसे, भरलेली डिक्की आणि चालू एसी घेऊन ट्रकला ओव्हरटेक करताना कळतो. साध्या इंजिनाला तेव्हा गिअर उतरवून ओरडावे लागते. ते मागे पडत नाही, पण हातात थोडी जास्त जागा ठेवून ओव्हरटेक करावे लागते.

याची दुसरी बाजूही सांगतो. ब्रेझाचे इंजिन चार सिलिंडरचे आहे आणि नेक्सॉनचे तीन सिलिंडरचे. सीताबर्डीच्या सिग्नलवर दोन मिनिटे उभे राहिलात की चार सिलिंडरचा शांतपणा जाणवतो, आणि तुमच्या वर्षाच्या १२,००० किलोमीटरपैकी ८,४०० शहरातच जाणार आहेत. ऑटोमॅटिकमध्येही प्रकार आहेत. ब्रेझाचा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे: जुनी, खात्रीची आणि गर्दीत मऊ चालणारी पद्धत. नेक्सॉन पेट्रोलमध्ये दोन पर्याय मिळतात. स्वस्तातला एएमटी, ज्यात क्लच-गिअर यंत्र बदलते आणि प्रत्येक बदलाला डोके किंचित पुढे जाते, आणि महागातला सात गिअरचा ड्युअल क्लच. वहिनींना गर्दीचा कंटाळा असेल तर एएमटीचा विचार सोडा, आणि मग तुलना ब्रेझा ऑटोमॅटिक विरुद्ध नेक्सॉन ड्युअल क्लच अशीच करा. नाहीतर आंबा आणि कैरीची तुलना होईल.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही. आपल्याकडे सिमेंटचे रस्ते झाले तेव्हापासून कित्येक गल्ल्यांत रस्ता वर आणि घर खाली अशी अवस्था आहे. तुमच्या फाटकाशी असा उतार असेल तर टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवा आणि उतारावरून मागे घेत बाहेर काढून पाहा. नेक्सॉनचा ग्राउंड क्लिअरन्स २०८ मिलिमीटर आहे, म्हणजे पोट घासण्याची धास्ती नाही. मात्र रिव्हर्समध्ये, अर्ध्या चढावर, ब्रेकवरून पाय काढल्यावर गिअरबॉक्स काय करतो हे प्रत्यक्षच पाहावे लागते. माझ्या आधीच्या एका गाडीने या उताराने मला दोन वर्षे घामाघूम केले होते.

काचेचे छत घेऊ नका, एवढेच सनरूफबद्दल म्हणतो. त्या पैशांत नेक्सॉनच्या वरच्या व्हेरियंटमधील हवेशीर सीट मिळत असतील तर त्या घ्या. मे महिन्यात पाठ तुम्हाला आशीर्वाद देईल.

बेसावासी

सीएनजीचा विचार केला का? ब्रेझाच्या सीएनजीत सिलिंडर डिक्कीतच बसतो, तर नेक्सॉनमध्ये दोन छोटे सिलिंडर खाली बसवल्यामुळे ३२१ लिटर जागा उरते.

हिशेबनीस

ब्रेझा सीएनजी मॅन्युअलमध्येच येते, आणि त्यांची पहिली अट ऑटोमॅटिकची आहे. शिवाय आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या मानाने पंप कमी. वर्षाला १२,००० किलोमीटरसाठी रांगेत उभे राहणे मला तरी पटत नाही.

दोन मुलांची आई, मनीषनगर

वरची चर्चा वाचून मला आश्चर्य वाटले की इंजिनावर एवढे लिहिले गेले, परंतु मागच्या सीटवर कोण कुठे बसणार हे कोणी विचारले नाही. मूळ प्रश्नात त्यावरच सर्वांत जास्त भर होता.

तीन वर्षांच्या बाळाला चाइल्ड सीट लागणार. मोटार वाहन कायद्याच्या १९४ ब कलमानुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसल्यास हजार रुपये दंड आहे, पण दंडाचे सोडा, ती लागतेच. चाइल्ड सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक अशा गाड्यांत मागच्या दोन कडेच्या जागांना असतात, मधल्या जागेला नसतात. म्हणजे बाळाची सीट एका खिडकीशी जाणार. सात वर्षांच्या मुलाला बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) हवा, आणि बूस्टरला खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा पट्टा हवा, नुसता कमरेचा चालत नाही. आजी मध्ये बसू शकत नाहीत. शस्त्रक्रिया झालेले गुडघे घेऊन मधल्या उंचवट्यावर पाय ठेवून दीडशे किलोमीटर यवतमाळला जाणे हा छळ आहे. मग आजी खिडकीशी, बूस्टर मध्ये, बाळ दुसऱ्या खिडकीशी, अशी तिघांची रचना झाली. नेक्सॉनची रुंदी १८०४ आणि ब्रेझाची १७९० मिलिमीटर आहे. चौदा मिलिमीटरने आजींना आराम मिळणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी की आजींना पुढे, चालकाच्या शेजारी बसवा आणि तुमच्यापैकी एकाने मागे मुलांसोबत बसावे. पुढची सीट मागे सरकवता येते, पाय लांब करता येतात, दार रुंद उघडते आणि वरच्या हँडलला धरून उतरता येते. हे मान्य केलेत की प्रश्नच बदलतो. मग पाहायचे ते हे: पुढच्या डाव्या सीटची जमिनीपासूनची उंची आणि दाराखालच्या पट्टीची रुंदी. घरात आजी ज्या खुर्चीवरून हात न टेकता उठतात, तिची उंची मोजा आणि टेप घेऊन शोरूममध्ये जा. लोक हसतील, हसू द्या.

सुरक्षेबाबत जुना चालक यांच्याशी थोडा मतभेद नोंदवते. ओढ आणि शांतपणाच्या आधी हा विषय यायला हवा होता. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले, फेब्रुवारी २०२४ मध्ये कठोर झालेल्या नव्या नियमांनुसार पुन्हा पाच मिळाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत एनकॅपमध्येही पाच. ब्रेझाला २०१८ मध्ये चार तारे मिळाले होते, पण ती जुनी विटारा ब्रेझा. आजची गाडी जून २०२२ मध्ये आलेली वेगळी पिढी आहे, त्यामुळे ते चार तारे तिला लावून तिची बाजू घेऊही नये आणि तिला कमी लेखूही नये. सहा एअरबॅग आता दोन्ही गाड्यांत सर्व व्हेरियंटमध्ये आहेत. मधल्या जागेचा पट्टा मात्र तुम्ही घेत असलेल्या नेमक्या व्हेरियंटमध्ये स्वतः ओढून पाहा.

जुना चालक, प्रतापनगर

ताई, मुद्दा मान्य. आजी पुढे बसणार असतील तर मी मागच्या सीटबद्दल लिहिणार होतो ते गैरलागू आहे. एवढेच जोडतो की मागे बसणारा उंच असेल तर ब्रेझाचे चौकोनी छत डोक्याला बरे पडते. नेक्सॉनचे छत मागे उतरते. डिक्कीत उलटे आहे: नेक्सॉन ३८२ लिटर, ब्रेझा ३२८. आजींचा घडीचा वॉकर आणि बाळाची गाडी एकत्र मावते का ते पाहा.

त्रिमूर्तीनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी टेप घेऊन गेलो. आईची खुर्ची ५२ सेंटिमीटर भरली, आणि दोन्ही गाड्यांत ती पुढच्या सीटवर कोणाच्या आधाराशिवाय बसली व उतरली, म्हणजे हा प्रश्न दोन्हींकडे सारखाच सुटला. सौभाग्यवतीने दोन्ही गाड्या चालवल्या. गर्दीत तिला ब्रेझाचा गिअरबॉक्स आवडला. मात्र ताईंचा सुरक्षेचा परिच्छेद तिने मला दोनदा वाचून दाखवला, यावरून वारा कुठे वाहतो आहे ते कळते. जीएसटीच्या फरकामुळे आमच्या पैशांत नेक्सॉन ड्युअल क्लचचे मधले व्हेरियंट बसते, काचेचे छत आपोआपच वगळले जाते.

आमच्या फाटकाशी उतार आहे, त्यामुळे शनिवारी सकाळी टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवली आहे. पाचही जण बसून, चाइल्ड सीट लावून ती मागे काढून पाहणार आहोत. एक शंका राहिली: यवतमाळऐवजी कधी समृद्धी महामार्गाने शिर्डीला जायचे झाले तर मे महिन्यात टायरची वेगळी काय काळजी घ्यावी?

जुना चालक, प्रतापनगर

निघण्यापूर्वी सकाळी, टायर थंड असताना हवा तपासा आणि चालकाच्या दारावरील तक्त्यात पूर्ण भारासाठी दिलेला आकडा ठेवा. गरम टायरमधली वाढलेली हवा सोडू नका. वेगमर्यादा १२० ची असली तरी भरल्या गाडीने दुपारी १०० च्या आसपास राहा, आणि दीड-दोन तासांनी थांबून टायरला हात लावून पाहा. शनिवारी उतारावर काय झाले ते नक्की लिहा.