व्हर्न गॉझ्डिनचा हिट गाण्यांचा कोणता संग्रह घ्यावा?

प्रश्न: अमेरिकन कंट्री गायक गॉझ्डिनची जुनी गाणी एकत्र हवी आहेत. ‘10 इयर्स ऑफ ग्रेटेस्ट हिट्स’ कसा आहे?

उत्तर 1: जपून. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या या 1990 च्या संग्रहात जुनी गाणी नव्याने गाऊन घेतली आहेत. कव्हरवर ‘न्यूली रेकॉर्डेड’ छापलंय, पण ऑनलाइन यादीत ते बरेचदा गळतं. कारण सरळ आहे: त्याची हिट गाणी इलेक्ट्रा, कंप्लीट, कोलंबिया अशा वेगवेगळ्या रेकॉर्ड कंपन्यांत विखुरलेली, मूळ टेप एका कंपनीकडे नाहीत. ‘आय कॅन टेल बाय द वे यू डान्स’ (1984, पहिला क्रमांक) कंप्लीटचं. ‘सेट एम अप जो’ मात्र 1988 चं, कोलंबियाचंच.

उत्तर 2: गाणं मूळ की नव्याने गायलेलं, हे ओळखायचं कसं? मूळ सिंगलची लांबी आणि संग्रहातली लांबी ताडून बघा, मग दोन्ही लागोपाठ ऐका. नुसत्या छापील सालावर जाऊ नका, ते कधी कधी संग्रहाचंच असतं.

प्रश्न: मग ‘चिझल्ड इन स्टोन’ हे गाणं हवं असेल तर?

उत्तर 1: त्यासाठी त्याच नावाचा अल्बमच घ्या. 1989 मध्ये सीएमएचा (कंट्री म्युझिक असोसिएशनचा) ‘साँग ऑफ द इयर’ पुरस्कार मिळालेलं गाणं आहे ते. एवढा आवाज, आणि तरी नाव मागेच राहिलं!