अंगणातली शेकोटी : नुसतं अंतर मोजून भागत नाही

बरेच जण म्हणतात की अमेरिकेत बॅकयार्डमध्ये शेकोटी पेटवायची तर घरापासून 25 फूट अंतर ठेवलं की झालं. हे अर्धंच खरं आहे. 25 फुटांची अट इंटरनॅशनल फायर कोड या आगीपासूनच्या सुरक्षेच्या नियमावलीतली. त्याच कोडमध्ये लाकडांच्या ढिगाचा व्यास 3 फूट आणि उंची 2 फुटांच्या आत हवी, जाळ पूर्ण विझेपर्यंत कुणीतरी तिथेच थांबायला हवं आणि पाण्याचा पाइप किंवा वाळू हाताशी हवी, हेही आहे. शिवाय हा कोड म्हणजे नमुना, गावोगावी त्यात फेरफार होतात. तेव्हा आधी आपल्या फायर डिपार्टमेंटला विचारा, मग एचओएला, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेला.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात धुरकट हवेमुळे ‘स्पेअर द एअर’ अलर्ट लागला की लाकूड जाळायला बंदी असते, 2019 पासून बाराही महिने. गॅसची शेकोटी चालते. शेजारी दम्याचं माणूस असेल तर अलर्ट नसतानाही विचारून पेटवा, एवढी माझी कळकळीची विनंती.

घराबाहेरच्या जुन्या डेकच्या (लाकडी ओट्याच्या) फळ्या तर अजिबात जाळू नका. 2003 पर्यंत अशा लाकडाला सर्रास आर्सेनिकयुक्त रसायन लावत. त्याचा धूर आणि राख दोन्ही विषारी.

विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. वरून काळी पडलेली राख आत सकाळपर्यंत निखारे धरून असते. ती झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घरापासून लांब ठेवा, गॅरेजमधल्या प्लास्टिकच्या डब्यात नको.